सोमवारची अंडी

नवऱ्याचं लिव्हर निकामी झालं, तेव्हा माझ्या लिव्हरचा मोठा तुकडा काढून ह्यांना बसवला. देवळालीला घरी निघताना डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांनाही सारखंच बजावलं होतं. लिव्हर पुन्हा वाढतं, पण त्याला अमिनो आम्लं लागतात. ती डाळी, दूध, अंड्यांतल्या प्रथिनांतून येतात. खाण्यातून कमी पडली, तर शरीर स्वतःचेच स्नायू मोडून ती घेतं.

पहिल्याच सोमवारी सासूबाईंनी मागच्या चुलीवर दोन अंडी उकडली आणि दोन्ही लेकाच्या ताटात वाढली. माझ्यापुढे साबुदाण्याची खिचडी. विचारलं, तर म्हणाल्या, "तो आजारी हाय, त्याला चालतं. तुला काय झालंय? बाईनं सोमवार मोडू न्हाई."

मी गप्प बसले, ही माझीच चूक. पुढे गुरुवार आला, चतुर्थी आली, एकादशी आली. महिन्याभरात माझ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या आणि पुन्हा सोमवारी तीच खिचडी पुढे आली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ताट सरकवलं.

"माझं पोट फाडलं तो सोमवारच होता, आई. त्या दिवशी वार कुणी बघितला नाही."