बांधलेल्या गॉब्लिनचं काय करायचं

वर्तमानपत्रात काम करणाऱ्यांची सुट्टी इतरांच्या सुट्टीशी जुळत नाही. आमच्या चौघांचा रविवार मंगळवारी सकाळी यायचा, कोथरूडमधल्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावरच्या जेवणाच्या टेबलाभोवती. संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या अंकाची पाने लावायची असत. त्याआधीचे काही तास आम्ही काल्पनिक माणसे होऊन काल्पनिक प्राणी मारत असू.

खेळ सांगायला सोपा आहे. एक जण गोष्ट चालवतो. जंगल, गाव, पाऊसपाणी, शत्रू हे सगळे त्याच्या तोंडून येते. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि आपले पात्र आता काय करते ते बोलून सांगतात. ते जमले की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. शत्रू बहुधा गॉब्लिन असतात. बुटके, हिरवट, दात पुढे आलेले. ते टेकड्यांवर टोळ्या करून राहतात, गावे लुटतात, आणि मारायला सोपे असतात. खेळाच्या पुस्तकात त्यांच्या वर्णनाशेजारी त्यांना मारल्यावर मिळणारे गुण छापलेले असतात.

गोष्ट चालवणारा आमच्या कार्यालयात पाने लावायचा. तिशीतला, अबोल, फ्लॅट त्याचाच. खेळणारे तीन. पहिला गुन्हे वार्ताहर. अंगाने भरलेला, बोलायला तिरकस. त्याचा फोन टेबलावर कायम उताणा पडलेला असे आणि प्रत्येक थरथरीला त्याची नजर तिकडे जाई. खेळात तो कुऱ्हाडवाला योद्धा होता. दुसऱ्या प्रूफरीडर ताई, आदल्या वर्षी निवृत्त झालेल्या. येरवड्याहून बसने यायच्या, वाटेत मंडईत उतरून भाजी घ्यायच्या आणि खेळता खेळता ती निवडायच्या. त्यांचे पात्र वैद्याचे होते. तिसरा मी, उपसंपादक. माझा धनुर्धारी मागे उभा राहायचा आणि सांगितल्यावर बाण सोडायचा.

त्या मंगळवारी एका गावप्रमुखाने आम्हाला काम दिले होते. टेकडीवरचे गॉब्लिन आमची गुरे नेतात, त्यांचा बंदोबस्त करा. गावप्रमुखाला आम्ही पाटील म्हणत होतो. आम्ही पहाटे टेकडी चढलो. ताईंच्या वैद्याने मुळ्या जाळून पहारेकऱ्यांना धुराने झोपवले. वार्ताहराचे फासे त्या दिवशी चांगले पडत होते. एक चहा संपून दुसरा येईपर्यंत वस्तीवर कोणी उरले नाही. एक सोडून. तो उपड्या टोपलीखाली लपला होता. त्याला आम्ही बांधले.

ताई मटार सोलत होत्या. त्यांचा हात थांबला.

“गुरं कुठायत?”

“दिसत नाहीत,” गोष्ट चालवणारा म्हणाला.

“एकही?”

“एकही नाही.”

“मग यांनीच नेली, हे आपल्याला कोणी सांगितलं?”

“पाटलाने.”

“आणखी कोणी?”

कोणीच सांगितले नव्हते. आमच्या कार्यालयात ज्याच्यावर आरोप आहे त्याची बाजू घेतल्याशिवाय बातमी पानावर जात नाही. ‘दुसरी बाजू घेतली का?’ हा प्रश्न त्या टेबलावरच्या प्रत्येकाने रोज संध्याकाळी कोणाला तरी विचारलेला होता, पान लावणाऱ्यानेसुद्धा. गटार तुंबल्याची चौकटीतली बातमीसुद्धा वॉर्ड ऑफिसला फोन केल्याशिवाय न छापणाऱ्या लोकांनी एका माणसाच्या सांगण्यावरून अख्खी वस्ती संपवली होती.

“अहो ताई, गॉब्लिन आहेत ते,” वार्ताहर म्हणाला. “वॉर्ड ऑफिसर नाहीत, प्रतिक्रिया घ्यायला.”

“वॉर्ड ऑफिसर तरी कुठे देतो?” ताई म्हणाल्या. “विचारतो ना आपण तरी.”

“बरं. आता विचारायला हा एकच उरलाय, आणि हा सुटला तर बाकीच्या टोळीला घेऊन येणार. मी याला मारतो. साक्षीदार ठेवायचा नाही.” त्याने फासा उचलला.

“त्याला मारलंस तर मी पुढच्या मंगळवारी येणार नाही.”

ताईंनी आवाज चढवला नव्हता. त्यांनी हातातली शेंग सोलली, टरफल वेगळ्या ताटलीत टाकले. निवृत्तीनंतर सुरुवातीला त्यांना कार्यालयातून शुद्धलेखनासाठी फोन जायचे. मग ते काम संगणक करू लागला आणि फोन थांबले. घरी त्या एकट्याच. आमच्यातल्या कोणालाही त्या भेटत असतील तर ते याच टेबलावर. तेव्हा ही धमकी त्यांनी आम्हाला दिली असली तरी तिचा भार त्यांच्यावरच पडणार होता, हे सगळ्यांना कळत होते.

“कागदावरचा आहे हो तो,” वार्ताहर म्हणाला.

“तू रोज ज्यांच्यावर लिहितोस ते कुठले असतात? मी तर त्यांना कागदाबाहेर कधी पाहिलंच नाही. तरी त्यांचं वय चुकलं तर मी पान थांबवलंय.”

त्याने फासा खाली ठेवला आणि जरा अवघडून विचारले, “ताई, हे तुमचं पंचशील वगैरे आहे का? म्हणजे तसं असेल तर—”

ताईंच्या आईवडिलांनी दीक्षा घेतलेली होती. विहारात त्या नियमाने जात. पण या प्रश्नाला त्यांनी चष्म्यावरून जे बघितले, ते त्या चुकीच्या मजकुराकडे बघायच्या तसे होते.

“पंचशील मी घरी म्हणते. इथे प्रूफरीडर म्हणून बोलतेय. शंका असताना खोडायचं नसतं.”

वार्ताहर उठून गॅलरीत गेला. खाली शिकवणीच्या मुलांच्या दुचाकी लागत होत्या, कोणीतरी एकसारखा हॉर्न वाजवत होते. तो परत आला, बसला नाही, खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

“माझं ऐका. आठवडाभर मी मेलेल्यांच्या घरी जातो. गेल्या गेल्या चपला कुठे काढायच्या ते बघतो, कारण बाकी कुठे बघावं कळत नाही. मग फोटो मागतो. आई असते, बायको असते, कोणीतरी पाणी आणून देतं. मेलेल्याच्या घरचं पाणी मी पितो. इथे मेलेल्याला घर नसतं. तेवढ्यासाठी येतो मी इथे. तुम्ही आता याला आईबाप द्यायला लागलात, तर मी तरी कशाला येऊ?”

गोष्ट चालवणाऱ्याने पुठ्ठ्याच्या आडोशामागून माझ्याकडे बघितले. त्या आडोशामागे तो स्वतःचे फासे टाकायचा. एक मत मारायचे होते, एक न मारायचे. मारले तर ताई जाणार, न मारता चौकशी सुरू केली तर वार्ताहर. तिसरे मत माझे होते. डेस्कवर वाद सुटत नसला की जे म्हणतात तेच मी म्हणालो.

“होल्ड करा.”

बातमी होल्ड केली, म्हणजे न छापता अडवून ठेवली, की ती दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी अंगावर येते. कैदी पुढच्या मंगळवारी आमच्या अंगावर आला.

ताईंनी त्याची दुसरी बाजू घ्यायला सुरुवात केली. गॉब्लिनच्या तोंडून अर्थातच गोष्ट चालवणारा बोलत होता. पहिल्या प्रश्नाला तो आवाज जाड करून म्हणाला, “हाय की. आमीच न्हेली.”

“थांब,” ताई म्हणाल्या. “हा असा का बोलतो?”

“गॉब्लिन आहे ना, म्हणून जरा...”

“जरा काय? गावाकडचा केलास त्याला? चोर म्हटला की हाच आवाज आठवला तुला?”

गोष्ट चालवणारा हडपसरच्या पलीकडच्या गावातून शहरात आलेला. त्याच्या घरी असेच बोलतात. तो लाल झाला, थोडा वेळ कागद चाळत बसला. मग कैदी स्वच्छ, छापील मराठीत बोलू लागला.

“आपला प्रश्न पुन्हा विचारता का?”

“आता पेठेतला वाटतोय,” वार्ताहर म्हणाला. “आता मारायला माझी काहीच हरकत नाही.”

ताईसुद्धा हसल्या. ते हसणे फार टिकले नाही, कारण त्या आवाजात कैद्याने सगळे कबूल केले. गुरे त्यांनीच नेली होती. खाल्ली होती. हाडे कड्यावरून खाली टाकली होती, म्हणून वस्तीवर काही सापडले नाही. नेताना गुराख्याला मारले होते.

“त्याने अडवलं होतं का?” ताईंनी विचारले.

“नाही. तो झोपला होता. उठला असता तर ओरडला असता. आम्ही साक्षीदार ठेवत नाही.”

वार्ताहराने कैद्याकडे पाहावे तसे गोष्ट चालवणाऱ्याकडे पाहिले. साक्षीदार न ठेवण्याचे ते वाक्य आधी त्याचेच होते. “हा आमच्यातलाच निघाला की,” तो अखेर म्हणाला, पण त्यात नेहमीची धार नव्हती.

म्हणजे पाटील खरे बोलला होता. बातमी बरोबर होती. पण ती बरोबर आहे हे कळायच्या आधी आम्ही ती लावली होती, आणि हे आता खोडता येत नव्हते. मारलेल्यांपैकी गुराख्याला कोणी मारले, गुरे कोणी नेली आणि कोण नुसतेच तिथे राहत होते, हे सांगू शकणारा एकच जण होता. तो खुनी होता.

“झालं,” वार्ताहर म्हणाला. “कबुली आली.”

“कबुलीवर आपण मारायचं नाही. कोर्टात नेऊ.”

“कोर्ट आहे का तुझ्या जंगलात?” त्याने गोष्ट चालवणाऱ्याला विचारले.

गोष्ट चालवणाऱ्याने नकाशा बघितला. नदीपलीकडे एक मोठे शहर होते, तिथे न्यायाधीश असेल असे तो म्हणाला. असेल, हे त्याने तेव्हाच ठरवले असावे.

मग कित्येक मंगळवार आम्ही एका बांधलेल्या गॉब्लिनला चालवत होतो. मारणे एका फाशाचे काम असते. न मारण्याला फार कामे लागतात. त्याला खायला द्यायचे, दोऱ्या तपासायच्या, पहाऱ्याच्या पाळ्या लावायच्या. त्याच्या मनगटाला जखम झाली तर ताईंच्या वैद्याने पाला बांधायचा. धर्मशाळेत त्याला आत घेत नाहीत म्हणून आम्हीही बाहेर झोपायचे. गोष्ट पुढे सरकेना. गोष्ट चालवणाऱ्याने वाटेत आणलेली संकटे वाया जाऊ लागली, कारण प्रत्येक वेळी एकाला कैद्यापाशी थांबावे लागे. वार्ताहर फोनमध्ये जास्त बघू लागला. आपली पाळी आली की तो, “मी आहे. पुढे?” एवढेच म्हणे. एकदा त्याने सांगितले की येरवड्याला तुरुंगाच्या दारात कोणाच्या सुटकेसाठी सकाळ घालवून तो आला आहे आणि आता इथेही तेच चालले आहे. ताई त्याच्या पात्राची जखम न विचारता बरी करत. दोघे एकमेकांशी अतिशय नीट वागत होते. चौघांपैकी कोणी कधी उठून जाईल याचा नेम नाही, असे ते दिवस होते.

नदी दिसू लागली त्या मंगळवारी वार्ताहराचा फोन वाजला. तो गॅलरीत गेला. बोलणे आत ऐकू येत होते. “कुठे?... नाव काय?... वय?... घर कुठंय त्याचं?” मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता. आत आला तो बूट घालत.

“जावं लागतंय. आज पहारा कोणाचा?”

“तुमचाच, सर,” गोष्ट चालवणारा म्हणाला. “पण थांबवतो ना आपण इथेच.”

“नको. दोन मिनिटांचं काम आहे.” तो नाडी बांधत होता, मान खाली. “हे दोघं झोपलेत. मी कैद्यापाशी जातो. कुऱ्हाड काढतो.”

ताईंनी निवडत असलेली मेथीची जुडी खाली ठेवली आणि पिशवीकडे हात नेला.

“कुऱ्हाडीने दोर कापतो,” तो म्हणाला. “जा म्हणतो त्याला.”

“तो... बघतो तुमच्याकडे,” गोष्ट चालवणारा म्हणाला. “पळतो. झाडीत शिरतो. ” मग त्याने मला विचारले, “तुम्हाला जाग आली तर बाण मारायचा का?”

“नाही,” मी म्हणालो.

“सोडलास?” ताई उभ्या राहिल्या. “अरे, गुराख्याला झोपेत मारलंय त्याने! उद्या कोर्टात उभा करणार होतो आपण!”

वार्ताहर दारात होता. “तुम्हाला मेलेला नको होता. मला मेलेल्याचं घर नको होतं. दोघांचं झालं की, ताई.”

“काही झालेलं नाही.”

“नसेल. येतो मी.”

जिन्यात त्याच्या बुटांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. ताई बराच वेळ बसल्या नाहीत. मग बसल्या आणि मेथी पुन्हा निवडायला घेतली. पाने खुडताना त्या देठ जास्त घेत होत्या.

पुढच्या मंगळवारी कोण येईल हे मला सांगता आले नसते. दोघेही आले. वार्ताहर उशिरा आला, ताई लवकर. एकमेकांची चौकशी झाली, चहा झाला, कोणी तो विषय काढला नाही. आम्ही नदी ओलांडून शहरात गेलो आणि न्यायाधीशाकडे न जाता बाजारातून पुढे निघालो. खेळ अजून चालू आहे. ताई अजून येतात.

आता प्रत्येक नव्या गावात शिरल्यावर ताईंचा वैद्य आधी एकच गोष्ट विचारतो. इकडे एखादा गुराखी मारला गेला आहे का? गोष्ट चालवणारा पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासा टाकतो. तो कुठल्या आकड्यावर काय ठरवतो हे त्याने आम्हाला सांगितलेले नाही. तो खाली बघतो आणि म्हणतो, “अजून नाही.”

तेवढा वेळ वार्ताहराचा फोन थरथरला तरी तो तिकडे बघत नाही.