ढगाळ रात्रीनंतरचा बर्फ

मुलगी दोह्यात वाढली, त्यामुळे तिला माहीत असलेला बर्फ फ्रीझरमधला. पुण्याला कॉलेजात गेल्यावर तिने मे महिन्यात हिमाचलातल्या गिर्यारोहण शिबिराला नाव घातलं. मी दोह्यातल्या अल नस्र भागातल्या घरातून फोनवर सामानाची यादी सांगितली: लोकरीचे मोजे, काळा चष्मा, ओठांचं मलम. शिबिरात पोचल्यावर तिने उलट मला बर्फ शिकवला. रात्रीच्या थंडीत तो घट्ट होतो, म्हणून पहाटे चढायचं. ऊन तापलं की पाणी आत झिरपतं, थर सुटतो आणि अख्खा उतार खाली येतो. रात्री आभाळ झाकलेलं असेल तर ऊब टिकते आणि तो घट्ट होतच नाही.

तिच्या आईला मी यातलं काही सांगितलं नाही.

शिखराच्या दिवशी फोन संध्याकाळी यायचा होता. तो दुपारीच आला, आम्ही जेवायला बसताना. हिच्या हातातला डाव वरणातच राहिला.

"बाबा, मी ठीक आहे. वर गेले नाही." एरवी इंग्रजीत उत्तरं देणारी पोरगी मराठीत बोलत होती. "रात्रभर ढग होते. पहाटे पाय गुडघ्यापर्यंत आत जायला लागला. दोराने बांधलेल्या रांगेत पुढे मी होते. शिबिराचे सर म्हणाले, वर की परत, तू सांग. मी म्हटलं, परत."

"बरं केलंस."

"रांगेतल्या मुली बोलत नाहीत माझ्याशी. म्हणे, दुबईची बाहुली घाबरली."

"दोह्याची."

"बाबा, प्लीज." मग आवाज बारीक झाला. "दिवसभर काहीच कोसळलं नाही. उतार तसाच आहे, इथून दिसतोय. मी उगाच घाबरले का?"

जोराचा वारा सुटला की बांधकामाच्या साइटवर मी परांचीवरून माणसं उतरवतो. यल्ला, चला, खाली. बहुतेक वेळा काहीच होत नाही. वारा पडतो आणि फोरमन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, साहेबांनी आज सुट्टी दिली. हे मी तिला पहिल्यांदाच सांगितलं.

"मग तुम्ही काय करता?"

"त्यांच्यात बसून चहा पितो. वाईट वाटतं. पुन्हा वारा सुटला की पुन्हा उतरवतो."

"सर उद्या पुन्हा वर नेणारेत. आभाळ मोकळं राहिलं तर."

"आणि नाही राहिलं तर?"

"तर नाही जायचं," ती म्हणाली. या वेळी आवाज सरळ होता.

फोन ठेवून मी हिला सगळं सांगितलं, बर्फासकट. तिने ऐकून घेतलं, माझ्या ताटात वरण वाढलं.

"मग देवाकडे मागू काय? ढग की चांदणं?"

"चांदणं माग," मी म्हणालो. "ढग आले तर ती बघून घेईल."