सहावी बाटली

आधीच सांगून टाकते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मी केमिस्ट, मूळची सांगलीची. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला वाट देते, बस्स. पण वर्ष झालं तरी हे डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय...

बदली होऊन कोलकात्याला आले ती पाणी तपासणाऱ्या सरकारी लॅबमध्ये. बजबजला ज्यूट मिलच्या मागे एक वस्ती आहे. तिथे पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचे. ते काम बंद झालं, पण जमिनीतलं शिसं पाण्यात उतरतंय का ते बघायला यादीतल्या पाच हापशांचं पाणी आम्ही दर तीन आठवड्यांनी आणायचो. सोबत सहावी बाटली — ब्लँक. लॅबमध्येच शुद्ध पाणी भरून सील केलेली. ती न उघडता वस्तीत फिरवून आणायची आणि परत आल्यावर तपासायची. तिच्यात काही सापडलं तर चूक आपली. सगळे नमुने बाद, पुन्हा फेरी.

त्या खेपेला पाचही हापसे स्वच्छ निघाले आणि ब्लँकमध्ये शिसं. तेही भरपूर!

मी वैतागले. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी जायचा होता, साहेब दोनदा डोकावून गेले होते. नमुने आणण्यात जन्म गेलेले आमचे मोंटूदा म्हणाले, "दीदी, नियम तो नियम है. फिर जाना पड़ेगा."

पाच स्वच्छ आहेत ना, मग झालं... मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'ब्लँकची बाटली फुटली.' खाली सही ठोकली. बाटली कपाटात मागे सरकवली. का टाकून दिली नाही, कोण जाणे.

पण चैन पडेना. घरात पाण्याचा पेला उचलायचे, वास घ्यायचे, ओतून द्यायचे. आपलंच मन आपल्याला खातंय म्हणून स्वतःवरच चिडायचे.

तीन आठवड्यांनी, पुढच्या खेपेला, ब्लँक मीच भरली, मीच सील केली, दिवसभर माझ्याच पर्समध्ये ठेवली. लॅबमध्ये सील फोडेपर्यंत ते जसंच्या तसं होतं. आकडा तोच. दशांशासकट...

दुसऱ्या दिवशी सकाळीच मोंटूदांना घेऊन बजबज गाठलं. पाचव्या हापशाशी शेफाली नावाची बाई उभी होती, कडेवर दोन वर्षांची मुलगी. माझ्या बाटल्या बघून ती मोडक्या हिंदीत म्हणाली, "दीदी, हर बार पाँच ही लेते हो. अंगनवाड़ी के पीछे वाला नहीं लोगे?"

तो हापसा आमच्या कागदावर 'कायमचा बंद' होता. वस्तीतल्या लोकांनी वर्गणी काढून तो कधीच दुरुस्त केला होता. अंगणवाडीतली पोरं तेच पाणी प्यायची, त्यांची खिचुडी त्यातच शिजायची.

त्याचा नमुना आणला. आकडा ब्लँकचाच निघाला.

मग सगळं भराभर झालं. हापशाचा दांडा काढला, धोक्याचा लाल रंग फासला, मुलांचं रक्त तपासलं. शेफालीच्या मुलीच्या रक्तातही शिसं निघालं. डॉक्टर म्हणाले, वेळेत कळलं, उपचार होतील.

शेफालीने विचारलं, "दीदी, आपको कब पता चला?"

"आपने बताया, तब," मी म्हणाले. मोंटूदा जमिनीकडे बघत राहिले.

त्यानंतर ब्लँक दर वेळी कोरीच येते. न उघडलेल्या बाटलीत ते पाणी कसं आलं, याचा उलगडा मला आजही झालेला नाही. मोंटूदांपुढे विषय काढला तर ते उठून जातात. रजिस्टरमध्ये फुटलेली ती बाटली कपाटात धडधाकट उभी आहे.

दर खेपेला शेफाली मला हाताला धरून घरी नेते, चहा करते. आपने मेरी बेटी को बचाया, म्हणते. मी मान खाली घालून चहा संपवते.