दादाच्या दंडावरची लस

परवा आमच्या ब्राह्मणपुरीत देवी डॉक्टर आला... म्हणजे देवीची लस टोचणारा सरकारी माणूस. निम्म्या बाया पोरं काखेला मारून कपाशीच्या शेतात पसार. मला राग आला, आणि रागाबरोबर माहेरही आठवलं.

माहेर माझं कोरीट. मी चौदा वर्षांची, आणि दादा विलायतेला शिकायला निघालेला. लस टोचल्याचा कागद असल्याशिवाय बोटीवर पाय ठेवू देणार नव्हते.

मायचं म्हणणं, देवी आपल्या पायांनी येते, तिला सुईने ओढून आणायचं नसतं. तिने गुपचूप माझ्या हातात कडुनिंबाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं दिलं. दादाला रक्त बघवत नसे. टोचून झाल्यावर तो डोळे मिटून बसला आणि मला म्हणाला, वाळेपर्यंत बाही वर धर. मी बाही धरली... आणि लस पुसून टाकली. त्याला वाटलं, रक्त टिपतेय.

आठ दिवसांनी डॉक्टरने दंड बघितला. कोरा. लस उठलीच नाही म्हणाला, कागद मिळणार नाही. पुन्हा टोचायचं, आणि या खेपेलाही उठली नाही तर बोट गेली.

दादा ट्रंकेत भरलेले कपडे एकेक करून बाहेर काढत बसला. ते मला बघवेना.

दुसऱ्या खेपेला माय पुन्हा ते फडकं घेऊन आली. मी दादाला मागे सारलं आणि माझाच हात पुढे केला. "पहिले माले टोचा. देवी कोपनी ते मन्हावर कोपी."

मायने फडकं चुलीत टाकलं... ओलं होतं, घरभर नुसता धूर.

दोघांचे दंड सुजले, ताप भरला. मायने घरात फोडणी बंद केली, दाराला कडुनिंब बांधला, आम्हाला शेजारी शेजारी निजवून देवीला हात जोडत बसली. खपल्या धरल्या, कागद मिळाला, दादा गेला... तिकडचाच झाला. माय आता नाही.

पहिल्या वेळी मीच पुसलं, हे दादाला अजून सांगितलेलं नाही. आज इथे लिहून टाकलं.

परवा शेतात जाऊन त्या बायांना बाही वर करून खुणा दाखवल्या, चार शिव्याही घातल्या. धाकट्या जावेच्या पोरीला मांडीवर घेऊन बसले... लस वाळेपर्यंत तिची बाही सोडली नाही.