हारलेल्यांना फोन करणारे हमीदभाई

सामन्याची बातमी लिहून नेली की हमीदभाई आधी कागद उलटा ठेवायचे. पंख्याने उडू नये म्हणून त्यावर एखादी अर्धवट कोरलेली ढाल ठेवायचे आणि मग विचारायचे, "तू बसला कुठं होता?" पहिल्या वेळी मला या प्रश्नाचा रोखच कळला नाही. मी म्हणालो, "मंडपात. समितीनं खुर्ची दिली होती." "नाश्ता?" "दिला ना. आलुबोंडा अन् चहा." त्यांनी कागद न वाचताच माझ्याकडे सरकवला. "मंग ही समितीची बातमी हाय. उद्या पुन्यांदा जाय, लोकायच्यात उभा राय, अन् मंग लिही."

मला राग आला होता. मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणारा पदवीधर, आणि समोर दहावीही न झालेला, ढाली-कप विकणारा माणूस. पण दुसऱ्या दिवशी मी गेलो आणि लोकांत उभा राहिलो. पंच कुणाच्या बाजूने शिट्टी वाजवतात हे मंडपातून दिसत नाही, एवढं त्या दिवशी कळलं.

अकोल्यात कापूस बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. दहा फुटांचं. ढाली, कप, पदकं आणि नावं कोरायचं एक जुनं यंत्र. तरुणपणी त्यांनी कबड्डी खेळली, गुडघा गेल्यावर वीस-बावीस वर्षं सामन्यांचे गुण लिहिले. दुकानात शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर सात-आठ ढाली दिसत, आणि प्रत्येकीवर काहीतरी चुकलेलं असे. कुठे गावाचं नाव, कुठे विजेत्याच्या जागी उपविजेता. नवं गिऱ्हाईक विचारायचं, तर हे सरळ सांगायचे, "ह्या माह्या चुका हायेत. म्हनून चिठ्ठी नीट लिहून द्या." धंद्याला हे बरं नाही, असं त्यांच्या बायकोसकट सगळ्यांचं मत होतं.

आमची वेबसाइट अमरावतीच्या अभिजित नावाच्या इंजिनिअरने सुरू केली होती. त्या वर्षांत मुंबई-दिल्लीचे पत्रकार वऱ्हाडात यायचे ते एकाच कामासाठी. ज्या घरात कर्जापायी शेतकऱ्याने जीव दिलेला असे त्या घरी जायचे, भिंतीवरच्या फोटोचा फोटो काढायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरायचे. त्यांचं काही चुकत होतं असं नाही. पण त्याच गावात शाळेमागे रोज कबड्डी चालू असायची, आणि ती कुठेच छापून यायची नाही. वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर तिला जागा नव्हती. म्हणून ही वेबसाइट. आम्ही आठ-दहा जण हौसेने, फुकट लिहायचो. बातमी आधी हमीदभाईंनी बघायची, हे अभिजितने पहिल्यापासून ठरवून टाकलं होतं. स्वतः हमीदभाईंना माउस धरता येत नव्हता. आम्ही छापून न्यायचो, ते लाल पेनाने खोडायचे.

खोडण्यात त्यांचा हात सढळ होता. 'चुरशीचा', 'रोमहर्षक', 'अटीतटीचा' हे शब्द दिसले की पेन उचललंच. "पंचेचाळीस-बारा अन् चुरशीचा? चुरस कोनाची होती बापा, घड्याळाची?" प्रमुख पाहुण्यांची नावं ते शेवटच्या ओळीत ढकलायचे, आणि यादी लांब असली तर तिथूनही हाकलायचे. "पाहुना खेयला का? नाई ना? मंग रायला." कुणी पहिल्या वाक्यात सूर्य, माती, घाम असलं काही लिहिलं की म्हणायचे, "आधी सांग कोन जिंकलं, कुठं, कितीनं. मंग सूर्य उगव."

आणि सगळ्यात शेवटी, पेनाचं टोपण लावता लावता, ठरलेला प्रश्न: "हारलेल्याले फोन केला का?" हा नियम त्यांचा स्वतःचा. जिंकलेला माणूस न विचारता सांगतो, हारलेल्याला विचारावं लागतं, आणि सामन्यात खरं काय झालं ते बहुतेक वेळा त्यालाच ठाऊक असतं, असं त्यांचं म्हणणं. हारलेल्या कप्तानाशी बोलल्याशिवाय बातमी वेबसाइटवर जायची नाही. दुकानातला काळा फोन त्यासाठी आम्हाला मोकळा होता.

हा नियम मी एकदाच मोडला. हमीदभाई पुतणीच्या लग्नाला बाळापूरला गेले होते. हिवरखेडला मुलींच्या कबड्डीचे सामने होते. अंतिम सामना दुपारी दोनचा. गावचा संघ आणि दर्यापूरकडच्या एका लहानशा गावाचा संघ. प्रमुख पाहुणे आले नाहीत म्हणून दोनचे तीन झाले, तीनचे चार झाले. साडेचारची बस चुकली तर मला मुक्कामच पडला असता. मी बस धरली. अकोल्यात उतरून समितीच्या सचिवांना फोन लावला. ते खुशीत होते. "फायनल झालीच नाई भाऊ. त्या दर्यापूरवाल्या पोट्ट्या मैदान सोडून पयाल्या. ढाल आमचीच." मी लिहिलं, 'पराभवाच्या भीतीने पाहुण्या संघाने मैदानातून पळ काढला.' वाक्य मला फार आवडलं होतं. कप्तानाचं नावही घातलं, शीतल. आणि वेबसाइटवर टाकून दिलं.

हमीदभाई लग्नाहून आले ते तिसऱ्या दिवशी. छापील कागद वाचून त्यांनी फक्त ठरलेला प्रश्न विचारला. मी नाही म्हणालो. त्यांनी स्वतः नंबर शोधून काढला आणि फोन लावला. पलीकडे शीतलचे वडील होते, देवराव. दुसऱ्या बाजूचं मला ऐकू येत नव्हतं, पण हमीदभाई बराच वेळ नुसतं "हो" आणि "बराबर हाय" म्हणत होते. फोन ठेवून त्यांनी सांगितलं ते असं. मुलींना बाहेरगावी खेळायला पाठवताना गावाने एकच अट घातली होती, दिवे लागायच्या आत घरी. पाच वाजले तरी प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नव्हता, म्हणून मुली समितीला सांगून जीपमध्ये बसल्या. पुढे कुणीतरी दर्यापूरच्या नेट कॅफेतून माझी बातमी छापून आणली आणि ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावली. गावात हसू झालं. आता पोरी खेळणार नाहीत. अमरावतीची जिल्हा स्पर्धा दोन आठवड्यांवर आली होती, आणि शाळेमागची आखलेली रेघ कुणीतरी पायाने पुसून टाकली होती.

"तू कितीच्या बसनं आला?" हमीदभाईंनी विचारलं.

"साडेचारच्या."

"म्हनजे तू त्याहीच्या आधी निंगाला. तू पयाला होता का?"

मी अभिजितला फोन लावला.

सगळं ऐकून तो म्हणाला, "डिलीट करून टाकू. दोन मिनिटांचं काम आहे, कोण बघतं?" हमीदभाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "ज्याहीनं वाचलं त्याहीच्या डोक्यातून कसं काढशीन? राहू दे ते तथीच. त्याच्यावर लिही, हे खोटं हाय, कोनं लिहिलं, अन् खरं काय हाय." तसंच केलं. माझ्या बातमीच्या डोक्यावर माझ्याच नावाने चार ओळी आल्या. मुली गेल्या तेव्हा मी तिथे नव्हतो, मी त्याआधीच निघालो होतो, मुलींशी बोललो नव्हतो, त्या का गेल्या. अमरावतीत माझ्या ओळखीचे बरेच जण होते. त्यांनी त्या चार ओळी वाचल्या आणि मला फोन करून हसले. मला लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

पण हमीदभाईंचं एवढ्यावर भागलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून, आखडलेला गुडघा चोळत ते माझ्याबरोबर दर्यापूरच्या बसमध्ये बसले. तिथून जीप. ग्रामपंचायतीच्या बोर्डावर माझी बातमी होतीच. तिच्या शेजारी मी खुलाशाचा कागद लावला. "आता वाच," हमीदभाई म्हणाले. "इथं?" "हो. जोरानं." बोर्डापाशी बारा-पंधरा माणसं जमली होती. मी वाचला. एका म्हाताऱ्याने पुन्हा वाचायला लावला, कारण त्याला कमी ऐकू येत होतं.

देवराव मागे उभे होते. उंच, वाळलेला माणूस, कपाशीतून थेट आलेला. ते माझ्याशी बोललेच नाहीत. हमीदभाईंना म्हणाले, "चाचा, तुमी कावून आले एवढं? पोरगं धाडलं असतं तरी चाललं असतं."

"वेबसाइटवर बातमी म्या पाहून जाते म्हनून लोकं इश्वास ठेवतात. ही म्या पाहली नाई. म्हंजे चूक माही बी हाय."

देवरावांनी बोर्डाकडे पाहिलं. मग म्हणाले, "अमरावतीले पोरीयच्या संगं मी सोता जाईन." बस, एवढंच. त्यांच्या घरी चहा झाला आणि आम्ही परत निघालो. शीतल दारात दिसली, पण बाहेर आली नाही.

हमीदभाईंना जाऊन आता सहा वर्षं झाली. वेबसाइट त्याच्या आधीच बंद पडली होती. आता मुलं मोबाइलवरूनच सामन्यांच्या बातम्या टाकतात, आणि नव्याने लिहिणाऱ्यांसाठी काही सूचना द्या, असं कधी कधी मला सांगतात. मी सूचना देत नाही. अमरावतीत काय झालं तेवढं सांगतो.

शीतलचा संघ पहिल्याच फेरीत हारला. एकतीस-चौदा. सामना सकाळी अकराला संपला, म्हणजे दिवे लागायचा प्रश्नच आला नाही. मी या वेळी लोकांत उभा होतो. मुलींना दोन आठवड्यांत नीट सराव मिळाला नव्हता, पकडी सुटत होत्या, दोनदा सगळा संघ बाद होऊन लोण चढला. त्याला मी कारण होतो हे मला दिसत होतं. म्हणून बातमीत मी लिहिलं, 'बलाढ्य संघाशी कडवी झुंज देऊन थोडक्यात पराभूत.' गुण लिहिलेच नाहीत.

हमीदभाईंनी लाल पेन उचललं. "थोडक्यात?"

"राहू द्या ना हमीदभाई. आधीच त्यांना कमी त्रास झाला का? एवढे गुण वाचून वाईट वाटेल."

"तुले वाईट वाटून रायलं, का तिले? फोन कर. इचार."

मी फोन लावला. शीतलच बोलली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. बातमी वाचून दाखवली, आणि विचारलं, असं चालेल का.

"सर, आमी किती पॉइंटनं हारलो?"

"सतरा."

"मंग सतराच लिहा ना. कमी नका करू. शेवटच्या शिट्टीपर्यंत मैदानात होतो आमी. पुरा खेयून हारलो, हे गावात दाखवाचं हाय मले."

मी एकतीस-चौदा लिहिलं.