हिरवा रेडियम

शटर खाली आलं, मेन स्विच पडला आणि मी लावलेले चौदा बोर्ड एका झटक्यात दिसेनासे झाले. दुपारचे अडीच वाजले होते. बाहेर लख्ख ऊन आणि आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. मी खाली ऐटीत उभा होतो, हात मागे बांधून. आपलं काम बघायला आलो होतो ना!

भिवंडीतल्या एका मोठ्या गोडाऊनमधलं हे मॉक ड्रिल. म्हणजे आग लागली असं समजायचं, लाईट बंद करायची आणि सगळ्यांनी बोर्ड बघत बाहेर पडायचं. वर मेझनाईनवर, म्हणजे लोखंडी खांबांवर काढलेल्या अर्ध्या माळ्यावर, पॅकिंगच्या बायका होत्या. तिथे एकही खिडकी नाही. ‘बाहेर जाण्याचा मार्ग’ हा बोर्ड अंधारात स्वतःहून चमकायला हवा होता. तो चमकला नाही. वरून आरडाओरडा सुरू झाला, कोणीतरी मोबाईलचा टॉर्च लावला, आणि तेवढ्यात जिन्यावरून कोणीतरी धाडकन पडल्याचा आवाज आला.

पॅकिंगमधली रेखाताई पडली होती. मनगट मोडलं.

मी भिवंडीतच, निजामपुऱ्यात, तीस वर्षं बोर्ड बनवतो. आमच्या धंद्यात ‘रेडियम’ हा शब्द फार वाईट आहे, हे मला आता कळतंय. गाडीच्या काचेवरचा देवाचा स्टिकर, रेडियम. नंबर प्लेटवरचा आकडा, रेडियम. रोलमधून कापून चिकटवलं ते सगळंच रेडियम. खरं तर त्यात तीन वेगळ्या वस्तू आहेत. एक साधा व्हिनाईल, तो नुसता रंगीत. दुसरा रिफ्लेक्टिव्ह, त्याच्यावर उजेड पडला तरच चमकतो. आणि तिसरा ग्लो. तो दिवसभर ट्यूबलाईटचा उजेड पिऊन घेतो आणि लाईट गेली की आपणहून पोपटी दिसत राहतो. तिन्हींना आम्ही एकच नाव देऊन ठेवलंय.

प्रत्येक गिऱ्हाईकाचं एक कार्ड मी दुकानात ठेवतो. माप, रंग, मटेरियल, सगळं त्यावर. या गोडाऊनच्या कार्डावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ‘हिरवा रेडियम, फोमशीट.’ ते लिहिलं तेव्हा गोडाऊन एकमजली होतं, छपराला पारदर्शक पत्रे होते, दिवसा दिवा लागायचा नाही. साधा हिरवा व्हिनाईल तिथे चालून जायचा. पुढे मेझनाईन झालं, पत्रे झाकले गेले. कार्ड तेच राहिलं.

प्रणाली तिथली नवी सेफ्टी ऑफिसर. जवळच्या दिघाशी गावची पोर, तिच्या बापाला मी ओळखतो. तिची ही पहिली नोकरी. या बोर्डांची ऑर्डर द्यायला ती स्वतः दुकानात आली आणि छापलेली शीट माझ्या हातात देऊन म्हणाली, “काका, स्पेसिफिकेशन बदललंय. एकदा वाचून घ्या ना.”

“रेडियमच ना? हिरवा?”

“हो, रेडियमच. अंधारात चमकणारा. आणि फोमशीट नको, ती पेटते. अॅल्युमिनियम लिहिलंय बघा.”

“अगं पोरी, तू शाळेत जात होतीस ना, तेव्हापासून तुमच्या गोडाऊनचे बोर्ड लावतोय मी. सगळं लिहिलेलं आहे आपल्याकडे.”

ती हसली. तिने विश्वास ठेवला. मी शीट काउंटरवर टाकली आणि कार्ड काढलं. मशीनवरचे सलीमभाई, माझ्याच वयाचे कारागीर, कार्ड हातात धरून म्हणाले, “सेठ, ये तो बहोत पुराना है. एक बार पूछ लो.”

“तुम्ही कटिंग करा हो!” मी डाफरलो.

बोर्ड लावून झाल्यावर प्रणालीने विचारलं होतं, लाईट बंद करून बघूया का. मी म्हणालो, “काम थांबवणार का सगळ्यांचं? रेडियम आहे, चमकणारच.” तोंडाला सवय. डोकं वापरलंच नाही.

ड्रिलनंतर मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये आम्ही दोघं उभे होतो. ते प्रणालीला म्हणाले, “नवीन शीट वेंडरला दिली होती का?”

“हो सर. हातात दिली होती.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “दामोदरजी, मिली थी?”

त्या क्षणी मला रेखाताईचा हात दिसत होता. सुजलेला, ओढणीत बांधलेला. तो माझ्यामुळे मोडला असं कबूल करायचं धैर्य मला झालं नाही. मी म्हणालो, “मला तर जुनंच सांगितलं होतं.”

प्रणालीने माझ्याकडे वळून बघितलं. मला वाटलं आता भांडेल. ती एवढंच म्हणाली, “काका?”

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो.

शीट दिल्याची पोच नव्हती. काकांकडून कसली सही घ्यायची, असं तिला वाटलं असणार. साहेबांनी तिला सांगितलं, चौकशी होईपर्यंत ड्युटीवर येऊ नका.

दुकानात आलो तर सलीमभाईंनी एक घडी घातलेला कागद पुढे केला. तीच शीट. तिच्या मागच्या बाजूला मी दुसऱ्या गिऱ्हाईकाच्या बोर्डाचं माप लिहून ठेवलं होतं, जाड मार्करने. “सेठ, ये तो यहीं है.”

“असू दे,” मी म्हणालो. दोन दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रणालीचे वडील, काशिनाथ, दुकानात आले. मी खुर्चीतून उठलो. म्हटलं, आता चार शिव्या खायच्या. त्यांनी काउंटरवर वालाच्या शेंगांची पिशवी ठेवली.

“दामूशेठ, रागावू नका. पोरीची शीट द्यायची राहून गेली आसल. ती बोलते दिली, पन पोर नवीन हाय. तुमचं एवढं नाव, तिच्यापायी खराब झालं.”

“अहो, तसं काही...”

“न्हाय न्हाय. मी तिला सांगितलंय, दामूशेठ खोटं बोलनारा मानूस न्हाय. तुझंच चुकलं आसल.”

ते चहासुद्धा न घेता गेले. शेंगांची पिशवी तशीच काउंटरवर. लाज वाटणं काय असतं ते मला साठीला आल्यावर कळलं. सलीमभाई मशीन बंद करून माझ्याकडे बघत होते.

शीट खिशात घालून मी गोडाऊन गाठलं. साहेबांच्या टेबलावर ती उलगडली, आधी सरळ बाजू आणि मग माझं मार्करचं अक्षर. “ही मला मिळाली होती. मी वाचली नाही. आणि त्या दिवशी खोटं बोललो.”

साहेबांनी कागद दोन्ही बाजूंनी बघितला. “तीन दिन क्या कर रहे थे?”

मी शीट तिथेच ठेवून बाहेर पडलो.

प्रणाली दुसऱ्या दिवसापासून ड्युटीवर आली. तिच्या वडिलांकडे जाऊन मी सगळं सांगितलं. ते ऐकून नुसतं “बरं” म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चौदाही बोर्ड मी अॅल्युमिनियमवर, ग्लो फिल्ममध्ये नव्याने करून लावले. पुन्हा ड्रिल झालं. लाईट गेली आणि जिन्यावर पोपटी बाण ठळक दिसले. प्लास्टरमधला हात छातीशी धरून रेखाताई सगळ्यात शेवटी उतरली, एकेक पायरी चाचपत. बाण दिसत असूनही ती चाचपतच होती.

दुकानातली सगळी जुनी कार्डं मी फाडली. आता प्रत्येक कामाला नवं कार्ड, वर तारीख, आणि ‘रेडियम’ हा शब्द बंद. साधा, रिफ्लेक्टिव्ह की ग्लो, काय ते नीट लिहायचं. सलीमभाई विचारल्याशिवाय मशीनला हात लावत नाहीत, आणि मी डाफरत नाही.

गोडाऊनचं काम अजून माझ्याकडेच आहे. परवा प्रणाली नवी शीट घेऊन आली. तिने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत मला मोठ्याने वाचायला लावली, मी वाचली. मग पेन पुढे केलं.

“इथे सही करा, सर,” ती म्हणाली.