इम्मनच्या हातातला पुडा

ही हकीकत सांगायचं मी अडतीस वर्षं टाळलं. टाळायला दर वेळी कारण मिळालं, आणि प्रत्येक कारण त्या त्या वेळी खरंच वाटलं. आता मला शहात्तरावं लागलं आहे आणि ज्याच्याबद्दल सांगायचं तो इमानुएल सोनोने, आमचा इम्मन, गेल्या महिन्यात गेला. त्याच्या दफनाच्या उपासनेत आमच्या पाळकांनी फार मनापासून प्रवचन केलं. तरुण आहेत, खामगावच्या आमच्या मंडळीत येऊन त्यांना दोन वर्षंही झालेली नाहीत. इम्मन आयुष्यभर पळत असे हे त्यांनी ऐकलं होतं, म्हणून त्यांनी ख्रिस्ती जीवनाची धाव हाच विषय घेतला. ते म्हणाले, "आपले इमानुएलदादा या धावेत एकदा अडखळले होते. एकदा ते दुसऱ्या दारी गेले. पण ते उठले, परत आले आणि त्यांनी धाव पूर्ण केली." बाकांवरच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. इम्मनची बायको, रूथवहिनी, पहिल्या बाकावर ताठ बसून होत्या. मी तिसऱ्या बाकावर होतो. उभं राहून मला एवढंच म्हणायचं होतं की पाळकसाहेब, तो अडखळला नव्हता... मी समोरच्या बाकाची पाठ धरली, उठायला लागलो, आणि तेवढ्यात गीत सुरू झालं. मी उभा राहिलो तो सगळ्यांबरोबर.

इम्मन जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होता. बैलांच्या खांद्यांच्या जखमा धुणं, म्हशींना औषध पाजणं हे त्याचं काम. मी तहसील कचेरीत कारकून. दोघं एकाच वयाचे, एकाच मंडळीत वाढलेले. त्याला पळायचा नाद कुठून लागला ते त्यालाही सांगता येत नसे. पांढरे कॅनव्हासचे बूट घालून तो रोज पहाटे निघायचा आणि दर शनिवारी खामगावहून थेट शेगावपर्यंत पळत जायचा. परतताना एसटीनं यायचा. त्या काळात आमच्याकडे मोठा माणूस उगाच पळताना कोणी पाहिलेला नव्हता. रस्त्यावरचे गाडीवान विचारायचे, "काऊन पळून राह्यला भाऊ? कुत्रं लागलं काय?" हा पळता पळताच उत्तर द्यायचा, "नाई भाऊ, म्हतारपण लागलं मागं!" वेगवान मात्र तो कधीच नव्हता. नाताळातल्या मंडळीच्या खेळांत शंभर मीटरला तो शेवटून दुसरा यायचा आणि शेवटच्याच्या गळ्यात हात टाकून हसत परतायचा.

रविवारी उपासनेआधी मुलांची शाळा भरे. ती इम्मन चालवायचा. धावेविषयी त्याचं म्हणणं साधं होतं आणि मुलांना ते तो इतक्या वेळा सांगायचा की ती त्याची नक्कल करत. "निघतानी खामगावात लोक पाह्यतात, पोहोचल्यावर शेगावात लोक पाह्यतात. मधात एक पट्टा लागते. मागचं गाव दिसत नाई, पुढचं दिसत नाई, कोणी टाळ्या वाजवाले नाई. प्रभूच्या मागं जायाचं म्हंजे थो मधला पट्टा पळणं हाय, पोरांनो. बाकी सारं सोपं हाय." मी मागच्या बाकावर हजेरीचं पुस्तक घेऊन बसलेला असायचो. अक्षर चांगलं म्हणून मंडळीची सगळी लिखापढी माझ्याकडे होती. मी पंचांपैकी एक होतो आणि पंचमंडळाचा चिटणीसही.

माझा मुलगा विनय चार वर्षांचा असताना त्याचा ताप मेंदूत गेला. अकोल्याच्या दवाखान्यात तो दहा दिवस डोळे न उघडता पडून होता. सुमन, माझी बायको, त्याच्या उशाशी बसून प्रार्थना करत होती. इकडे मंडळीनं उपास धरला होता. तेव्हाचे पाळकसाहेब दर दोन दिवसांनी येऊन जात. अकराव्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या आजीनं मला व्हरांड्यात गाठलं. "बाबू, शेगावले जाऊन ये एकडाव. लेकरासाठी देव बदलला तर कोणी हसत नाई." दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं शेगावला उतरलो. सुमनला सांगितलं, कचेरीत रजेचा अर्ज द्यायला जातो. मंदिरात रांगेत उभा राहिलो, नारळ वाहिला, हात जोडले आणि मुलगा मागितला. आजही मी त्या दारातल्या कोणत्याही माणसाला कमी लेखत नाही. तिथं मी माझ्यासारखीच घाबरलेली माणसं पाहिली. मला लाज वाटते ती पुढच्या गोष्टींची.

प्रसादाचा पुडा हातात घेऊन बाहेर आलो तर समोरच्या नळावर इम्मन तोंड धूत होता. शनिवार होता, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. त्यानं मला पाहिलं, पुडा पाहिला. "पोरगं कसं हाय?" त्यानं विचारलं. मला रडू कोसळलं. "डोळे उघडून नाई राह्यलं रे... सुमनले सांगू नको." तो म्हणाला, "मी कायले सांगू?" पुडा घेऊन दवाखान्यात जाणं शक्य नव्हतं. मी इकडेतिकडे पाहू लागलो. "फेकून देऊ का?" तसा तो पहिल्यांदा चिडला. "फेकतं काय बे? लोकायच्या श्रद्धेचं हाय. आण इकडं. आमच्या दवाखान्यातला शिपाई दर गुरुवारी उपास करते, त्याले देतो. थो खूश होईन." त्यानं पुडा घेतला, मला स्टेशनपर्यंत सोडलं आणि स्वतः एसटी स्टँडवर गेला.

स्टँडवर आमच्या मंडळीचे एक पंच उभे होते. ते आज हयात नाहीत, नाव घेत नाही. नळावर धुतलेल्या तोंडाचा इम्मन, हातात नारळाची शकलं आणि पेढ्यांचा पुडा... त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर पाळकांच्या खोलीत पंचमंडळ बसलं. मी अकोल्याहून दोन तासांसाठी आलो होतो. टेबलावर वही, माझ्या हातात पेन. इम्मनला उभं केलं होतं. पाळकसाहेबांनी विचारलं, "पुडा तुमच्या हातात होता?"

"हाव."

"मंदिरातला?"

"हाव."

"तुम्ही आत गेला होता?"

"नाई."

"मग दिला कोणी?"

खोलीत इम्मनशिवाय सात माणसं होती आणि सहाजण त्याच्याकडे पाहत होते. मी वहीकडे पाहत होतो. माझं पेन थांबलं होतं, ते मला कळलंही नव्हतं. तेव्हा तो बोलला, आणि बोलला तो माझ्याशी. "माह्या हातात होता, एवढंच लिह्य. लिह्य ना बे भास्कर, थांबला काऊन?"

मी लिहिलं. मुलांची शाळा त्याच्याकडून काढून घेतली आणि एक वर्ष प्रभुभोजनापासून दूर ठेवायचं ठरलं. ज्या वाचकांना आमच्या चालीरीती ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, प्रभुभोजन म्हणजे भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा छोटा प्याला, महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी मिळून घ्यायचा. त्यातून ज्याला वगळलं तो घरात असून पंगतीबाहेर राहतो. बाहेर आल्यावर चिंचेखाली मी त्याला धरलं. "इम्मन, मी सांगतो त्याईले." तो म्हणाला, "आधी पोरगं घरी आण. मंग सांगजो."

विनय घरी आला. बरा होऊन, चालत आला. मंडळीनं आनंदाची उपासना ठेवली आणि मुलाचा बाप म्हणून मला साक्ष द्यायला उभं केलं. तुमच्या उपासांनी आणि प्रार्थनांनी माझा मुलगा परत आला, असं मी सगळ्यांसमोर म्हणालो. सुमन रडत होती. इम्मन मागच्या बाकावर बसून विनयकडे पाहत हसत होता. त्या दिवशी मी स्वतःच परतीचं दार लावून घेतलं. आता पुड्याची गोष्ट सांगायची म्हणजे ती साक्षही खोटी पडणार, सुमनच्या रात्रंदिवसाच्या प्रार्थनेवर मी विश्वास ठेवला नव्हता हे तिला कळणार, आणि मंडळी म्हणणार की याच्यासाठी आपण उपाशी राहिलो. मी ठरवलं, वर्ष तर संपू दे.

वर्ष संपलं, पण शिक्षा संपली नाही. परत सहभागी व्हायचं तर मंडळीपुढे उभं राहून चूक कबूल करावी लागे. पाळकसाहेबांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, न केलेलं केलं म्हणून प्रभूच्या घरात कसं सांगू?" खोटं तो बोलणार नव्हता आणि खरं बोलायचं तर माझं नाव आलं असतं. म्हणून शिक्षा वाढत गेली. एक वर्षाची तीन वर्षं झाली. पंच या नात्यानं प्याल्यांचं लाकडी तबक बाकाबाकांवर न्यायचं काम माझं होतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ते तबक इम्मनच्या बाकाशी नेऊन धरायचो. तो दोन्ही हातांनी ते घ्यायचा, एकही थेंब सांडू न देता पलीकडे द्यायचा, आणि पलीकडून परत घेऊन माझ्या हातात ठेवायचा. एकाही रविवारी तो गैरहजर राहिला नाही. मनातून मला वाटायचं की त्यानं यायचं बंद करावं, चिडून दुसऱ्या गावच्या मंडळीत जावं, म्हणजे मी सुटेन... तो यायचाच. महिला मंडळात रूथवहिनींना 'पेढेवाल्या' म्हणत, हेही मला माहीत होतं.

मग पाळकसाहेबांची बदली झाली. नवीन आले त्यांनी जुनी वही उघडलीच नाही. पहिल्याच प्रभुभोजनाला त्यांनी इम्मनसमोर भाकर धरली आणि त्यानं घेतली. लोकांनी आपापसांत ठरवलं की त्यानं पश्चात्ताप केला असणार. घसरला होता, परत आला. हीच गोष्ट पुढं चालत आली, तरुण पाळकांच्या कानावर गेली ती हीच. आणि मला वाटलं, प्रकरण मिटलं, आता कशाला उकरायचं? पुढे विनयच्या सोयरिकीचं कारण सापडलं, मग सुमनच्या आजारपणाचं. सुमन गेली तेव्हा तर एकही कारण उरलं नव्हतं. त्यालाही आता नऊ वर्षं झाली. मुलांची शाळा इम्मनला परत कधीच मिळाली नाही. त्यानं ती मागितली नाही. शनिवारी मात्र तो पळत राहिला, साठी उलटेपर्यंत. कधी मी सकाळी दुधाला निघालेलो असायचो आणि तो समोरून यायचा. "सलाम, भास्कर!" म्हणून हात वर करायचा, थांबायचा नाही. तो लांब जाईपर्यंत मी पिशवी घेऊन तिथंच उभा असायचो.

दफनानंतर आठ दिवसांनी मी वहिनींकडे गेलो. त्या मेथी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, मध्ये न थांबता. त्यांचे हात चालूच होते.

"मले माहीत होतं, भाऊजी."

"कधीपासून?"

"पह्यल्या दिवसापासून. थे घरी येऊन म्हणत, भास्करचं पोरगं घरी येऊ दे, मंग थो स्वतःच सांगन. तू कोणाले बोलू नको." काड्या त्यांनी बाजूला सारल्या. "मंग पोरगं घरी आलं. शाळेत गेलं. इंजिनेर झालं, पुण्याले गेलं, त्याचं लगन झालं, आम्ही जेवून आलो... मी म्हणत जाव, कधी सांगन तुमचा भास्कर? थे म्हणत, पोहोचन. हळू हाय थो, पण पोहोचन."

पेपरात लिहायचं म्हणतो, असं मी कसंबसं सांगितलं.

"लिहा. गोड गोड नका लिहू. आन् मले आधी वाचून दाखवाले येऊ नका. मी सगळ्यायसंग वाचीन." मग त्यांनी वर पाहिलं. "मले सांगून काय फायदा, भाऊजी? ज्याले सांगाचं होतं त्याले सांगतलं का?"

नाही. विनय, तूही हे सगळं आज इथंच वाचतो आहेस, आणि पुढचंही वाच.

इम्मनची फुप्फुसं गेल्या दोन वर्षांत आखडत गेली होती. रस्ता सुटला, अंगण सुटलं. मग तो घराच्या ओसरीत भिंतीला हात लावून फेऱ्या मारायचा, रोज वीस. जायच्या पाच दिवस आधी मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा वहिनी बाजारात होत्या. "चाल बे, तूबी चाल," तो म्हणाला. "बसून राह्यला त गंजशील." मी त्याच्या बाजूनं चालू लागलो. भिंतीपर्यंत जायचं, वळायचं. सातवी की आठवी फेरी असेल. मी म्हणालो, "इम्मन, त्या शेगावच्या..."

तो थांबला. फेऱ्या मध्येच तोडलेल्या त्याला चालत नसत, तरी थांबला. भिंतीवरचा हात तसाच ठेवून पूर्ण माझ्याकडे वळला. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. तो माझ्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी झाली. तो उभाच होता.

"...त्या शेगावच्या रस्त्याचं काम झालं म्हणतात," मी म्हणालो.

तो आणखी थोडा वेळ तसाच पाहत राहिला. मग म्हणाला, "हाव. झाडं तोडली म्हणे सारी." माझा दंड धरून त्यानं पाऊल उचललं आणि उरलेल्या फेऱ्या आम्ही न बोलता पुऱ्या केल्या. निघताना मी चपला घालत होतो तेव्हा तो दारापर्यंत आला. "उद्या येजो," म्हणाला. "मी इथंच हाय."

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. गेलो असतो तर त्याला सांगायचं होतं ते एवढंच... इम्मन, तू माझ्यासाठी गप्प राहिलास आणि मीही माझ्यासाठीच गप्प राहिलो. मला माफ कर.